दुर्मिळाचा शौक

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा भाचा पुण्याहून ढोकीस आला, तो सामानाबरोबर हातभर उंचीची एक काचेची पेटी घेऊन आला. पेटीत बुचाच्या सालीचा एक तुकडा उभा केलेला होता आणि त्याच्या आडोशास हाताच्या पंजाएवढा, झळझळीत निळ्या रंगाचा, पायांवर पिवळे पट्टे असलेला एक कोळी बसला होता. सौभाग्यवतींनी सणानिमित्त घरातील जळमटे नुकतीच झाडून काढली होती. कोळी विकतही मिळतात हे त्यांस त्या दिवशी प्रथमच कळले. मी कौतुकाने दिवा जवळ नेला, तोच ते निळे रूप सालीमागे दिसेनासे झाले. भाचा म्हणाला, “मामा, दिवा नको. त्याला उजेड सहन होत नाही.”

ज्या जीवाचे सारे सौंदर्य अंधारात राहण्यासाठी आहे त्यास शोभेसाठी काचेत ठेवावयाचे, ही विसंगती त्या बुद्धिमान मुलाच्या ध्यानात आली नव्हती. आपण केवळ शौक करीत नसून निसर्गाची सेवा करीत आहो, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. हा प्राणी जंगलातून धरलेला नाही, पेटीतच जन्मलेला आहे; जंगले तर नष्ट होतच आहेत; तेव्हा आमच्यासारख्यांच्या घरीच ही जात जिवंत राहील, असे त्याचे म्हणणे. सुशिक्षितांच्या शौकास असे शास्त्रीय कवच लाभले म्हणजे तो व्यसनाहूनही अवघड होतो, कारण व्यसनी मनुष्य निदान मनातून तरी लाजतो.

ह्या कोळ्याचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. ‘पीसिलोथेरिया मेटॅलिका’ हे त्याचे शास्त्रीय नाव. ब्रिटिश म्युझियममधील पोकॉक ह्या प्राणिशास्त्रज्ञाने १८९९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, ते गुत्ती येथे रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत सापडलेल्या एकाच मादीवरून. ही गुत्ती म्हणजे आपल्या मुरारराव घोरपड्यांचीच. पुढे शंभर वर्षे हा कोळी कोणाच्याही दृष्टीस पडला नाही. पडणार कसा? तो मुळी गुत्तीचा रहिवासीच नव्हता. कोठल्या तरी तोडलेल्या झाडाच्या ढोलीत बसून तो आगगाडीने तेथे आला असावा, असा तर्क आहे. रेल्वेच्या गावी वाढलेल्या माझ्यासारख्यास त्याचे नवल वाटत नाही. सरपणाच्या मोळीतून विंचू घरात आलेला आम्ही लहानपणी पाहिलेला आहे. अखेर २००१ साली, गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटरांवर, नंद्याळ व गिद्दलूर यांमधील पूर्व घाटाच्या रानात तो पुन्हा सापडला. २००८ साली त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली. त्याच्या वसतीचे ज्ञात क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरही भरत नाही, आणि तेथीलही झाडे सरपणासाठी व इमारती लाकडासाठी पडत आली आहेत.

आता ह्यापुढील प्रकार पाहावा. शंभर वर्षे हरवलेला प्राणी सापडला, आणि थोड्याच वर्षांत तो युरोप-अमेरिकेतील शौकिनांच्या पेट्यांतून मिरवू लागला! आपल्या देशातून वन्य प्राण्यांची व्यापारी निर्यात बंद असता त्याची पहिली जोडी समुद्रापार पोचली कशी? “पेटीत जन्मलेला” हे प्रमाणपत्र दाखविणाऱ्याने त्याच्या आजीचेही प्रमाणपत्र दाखवावे. चोरीच्या गाईचे वासरू आपल्या गोठ्यात जन्मले, एवढ्याने ते आपले होत नाही, हे आमच्या गावचा निरक्षर गुराखीही जाणतो.

पेटीत वाढविलेली पिले मुबलक व स्वस्त झाल्याने रानातील प्राण्यांवरचा भार कमी होतो, हे मला मान्य आहे. ह्या कोळ्यांचे वाढणे, कात टाकणे, मादीचे दीर्घायुष्य व नराचे अल्पायुष्य यांविषयी पाळणाऱ्यांनी बारकाईने निरीक्षणे केली आहेत, हेही नाकारण्यात अर्थ नाही. आणि कोळी दिसताच चप्पल शोधणाऱ्या आमच्या समाजास त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार फारसा नाही. ह्या कोळ्यांच्या दंशाने मनुष्य मेल्याची खात्रीलायक नोंद नाही. स्नायूंस पेटके मात्र असे येतात की ते कित्येक दिवस आठवण देतात.

परंतु शौकिनाची भूक स्वस्त झालेल्या वस्तूने भागत नाही. गुत्तीचा निळा कोळी सर्वांच्या घरी दिसू लागला की त्याचे मन दुसऱ्या जातीकडे धावते. ह्या वंशाच्या सुमारे पंधरा जाती भारतात व श्रीलंकेत मिळून आहेत; जी अधिक दुर्मिळ ती अधिक मोलाची. म्हणजे प्राणी वाचावा म्हणून शास्त्रज्ञांनी केलेली यादी व्यापाऱ्याच्या हाती दरपत्रक होऊन बसते. नवीन जात सापडली तर तिचे नेमके ठिकाण छापावे की लपवावे, असा पेच आज संशोधकांसमोर आहे. ज्ञान प्रकट करण्यास विद्वानाने भ्यावे, अशी ही वेळ कोणी आणली? रानातल्या गरीब लाकूडतोड्याने खास नव्हे.

कायदा अगदीच झोपलेला आहे असे नाही. २०१९ साली जिनिव्हा येथील परिषदेत हा संपूर्ण वंश आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या करारात घेण्यात आला, आणि आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यास २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने अशा प्राण्यांची नोंदणी बाळगणाऱ्यावर बंधनकारक केली. भाच्यास मी नोंदणीविषयी विचारले, तेव्हा तो प्रथमच गप्प झाला. २०२१ साली चेन्नईच्या विदेशी टपालात पोलंडहून आलेले एक पार्सल उघडले, तो आत चांदीच्या कागदात व कापसात गुंडाळलेल्या १०७ कुप्या, आणि कुपीकुपीत एकेक जिवंत कोळी! त्यांत मेक्सिकोकडील जातीही होत्या. मेक्सिकोचा जीव पोलंडमार्गे तामिळनाडूस येतो, आपल्या पूर्व घाटातील जीव युरोपात वाढतो, आणि दोन्हीकडील खरेदीदार स्वतःस निसर्गप्रेमी म्हणवितात.

पेटीत वंश टिकेल. पण टिकेल तो काय? हा कोळी जुन्या झाडाच्या ढोलीचा रहिवासी आहे. त्याच्या काही भाऊबंदांत आई व पिले दीर्घकाळ एकाच ढोलीत नांदतात. ते झाड, ती ढोली, रात्री खोडावरून जाणारे किडे, पावसाळ्यातला ओलावा, ह्या सर्वांचा मिळून तो प्राणी होतो. बुचाची साल म्हणजे झाड नव्हे. झाड पडू द्यावे व त्यातील रहिवासी मात्र टेबलावर जपावा, ह्यास रक्षण म्हणणे म्हणजे गाव उठवून गावकऱ्याची तसबीर दिवाणखान्यात लावण्यासारखे आहे.

हे सारे मी भाच्यास ऐकविले. तो रागावला नाही, हा त्याचा मोठेपणा. त्याने इतकेच विचारले, “मामा, मग आपल्या गावी ढोलीची झाडे किती उरली आहेत?” मला सांगता येईना. आमच्या ढोकीच्या झाडांत तो निळा कोळी आहे असे मी म्हणत नाही. पण पिंगळे आहेत, पोपट आहेत, आणि त्यांनाही ढोलीच लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे तेरच्या वाटेने जुने कडुनिंब व चिंचा मोजीत निघालो. माझ्या लहानपणी ज्या चिंचेखाली गोरोबाकाकांच्या दर्शनास जाणारी मंडळी टेकत असत, तेथे बुंधादेखील दिसला नाही. भाचा बोटांवर मोजीत होता. दुसऱ्या हातावर जाण्याची त्याला गरज पडली नाही.