केवडा आणि बियाण्याची मालकी

वर्तकनगरच्या बाजारात कामगाराच्या पिशवीत पडणाऱ्या भेंडीमागेही मालकीचा प्रश्न उभा आहे. पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या केवडा रोगाच्या विषाणूवर औषध नाही. फवारणीने मरते ती माशी, आणि गल्ला भरतो औषधविक्रेत्याचा! प्रतिकार वाणाच्या अंगीच हवा. परभणीच्या कृषी विद्यापीठाने रानटी जातीशी संकर करून, निवड करीत, १९८५ साली 'परभणी क्रांती' हा सरळ वाण दिला. त्याचे बी शेतकरी घरीच राखू शकत होता. पुढे तो प्रतिकार ढासळला. मग सरकारी संशोधन नेटाने वाढवायचे, की रान कंपन्यांना मोकळे सोडायचे? २००१ च्या कायद्याने बी राखण्याचा हक्क दिला खरा. पण पुढच्या पिढीत गुण विखुरणारे संकरित बी राखून शेतकऱ्याने करायचे काय? विद्यापीठांनी नवे सरळ वाण द्यावेत, ही मागणी शहरातील कामगार संघटनांनीही उचलली पाहिजे.