होडी डोक्यावर घेऊन

आमचा नातू कॅनडात वाढला. यंदा दिवाळीला तो धाराशिवला येणार म्हणून आम्ही उभयता चकलीचा सोऱ्या शोधत होतो, तोच त्याचा फोन आला. "आजोबा, आपण सगळे चार दिवस होडीतून फिरू. दिवसभर वल्हवायचं, रात्री काठावर तंबू ठोकायचा. तुमच्या जिल्ह्याच्या नकाशात कितीतरी निळ्या रेघा आहेत!"

त्याच्याकडे म्हणे ही सहल घरोघरची. होडी लांबट नि हलकी. एक तळे संपले की ती डोक्यावर घ्यायची, रानातून चालायचे आणि पुढच्या तळ्यात सोडायची. मी चष्मा लावून नकाशा पसरला.

आता त्या निळ्या रेघांची हकीकत ऐका. आमचा जिल्हा बालाघाटाच्या डोंगरांवर बसलेला. आढ्यावरचा पाऊस जसा दोन पाख्यांवरून दोन अंगणांत उतरतो, तसे इथले पाणी दोन वाटांनी जाते. सीना आणि बोरी भीमेला मिळून कृष्णेच्या घरी जातात, तर तेरणा मांजरेला मिळून गोदावरीच्या घरी. नळदुर्गाच्या बोरीतून तेरच्या तेरणेत जायचे, तर मधला माथा होडी डोक्यावर घेऊनच ओलांडायला हवा. शिवाय उन्हाळ्यात नदीच्या पात्रातून गुरे चालतात. तेर म्हणजे प्राचीन तगर. रोमशी व्यापार करणारे शहर. पण तिथला मालसुद्धा भडोच बंदराला गाड्यांतून जाई, असे सुमारे २००० वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात लिहिले आहे. तेव्हाच्या व्यापाऱ्यांना जे कळले, ते आमच्या नातवाला कळायला दोन फोन लागले.

"मग तळी?" त्याने विचारले.

तळी पुष्कळ. पण धरणाचे पाणी पिण्याचे. तिथे परवानगीवाचून होडी घालता येत नाही. आणि पाणी इथे खेळणे नव्हे. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, तेव्हा परांडा भागात होड्या आल्या त्या माणसे वाचवायला. मी स्वतः पाठीला वाळके भोपळे बांधून विहिरीत पोहायला शिकलो, पण नातवाला बजावले, "तरंगण्याची जाकिटं माणशी एक. आजीलासुद्धा."

आजी तोवर गप्प होती. ती म्हणाली, "अहो, ही तळी आली कुठून, ते सांगितलंत का त्याला?"

१९७२ च्या दुष्काळात ती बारा वर्षांची. गावाबाहेर पाझर तलावाचे काम निघाले. तिची आई दिवसभर मातीच्या पाट्या वाही. ही धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बाभळीच्या सावलीत बसे. दुपारी सुकडी मिळे, ती तिघांत वाटून खायची. पुढच्या पावसाआधीच सारे घर पोटासाठी पुण्याला गेले. लग्न होऊन ती पुन्हा या जिल्ह्यात आली, पण माहेरच्या गावात आता कोणी उरले नव्हते. जायला निमित्त मिळाले नाही.

"आईनं डोक्यावर वाहिलेल्या मातीनं पाणी अडलं का, ते मी पाहिलंच नाही," ती म्हणाली. पन्नास वर्षांहून अधिक काळ एका घरात राहिलेल्या गोष्टी कधी कधी अशा सोऱ्या शोधताना निघतात.

मी बेत नव्याने मांडला. पहिला दिवस नळदुर्गला, इब्राहिम आदिलशहाने बोरीवर बांधलेला बंधारा नि त्याच्या पोटातला पाणीमहाल पाहायला. दुसरा तुळजापूरला, देवीच्या दर्शनाला. तिसरा तेरला, गोरोबाकाकांच्या पायांशी. चौथा आजीच्या तलावावर. ग्रामपंचायतीने होकार दिला तर नातवाची फुगवायची होडी तिथे सोडायची. प्रवास मोटारीने, होडी टपावर. म्हणजे डोक्यावरच की!

नातवाने सारे ऐकून घेतले नि एकच फेरफार सुचवला, "आजीचा तलाव पहिल्या दिवशी."

"आधी तो भरलाय का, ते विचारा," सौभाग्यवती म्हणाली.

मी त्या गावच्या एका ओळखीच्या गृहस्थांना फोन लावला. ते म्हणाले, "काका, सांडव्यावरून पाणी चाललंय."

मी ते मोठ्याने तिला सांगितले. ती काही बोलली नाही. सोऱ्या तसाच राहिला आणि ती आपली ठेवणीतली चोळी-लुगडी काढायला आत गेली.