तोंडातली लाळ काढायलाबी मंजुरी लागते काय?

गेल्या पावसाळ्यात गारगोटीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवर पोराला रात्री झोपेत मण्यार चावली. पहाटे पापण्या उघडंनात, थुंकी गिळंना, घशात घरघर सुरू झाली. घोंगड्याच्या झोळीत घालून आम्ही त्याला डांबरी रस्त्यावर आणला. गाडी आली. गाडीत लाळ ओढून काढायचं यंत्र होतं, पण बॅटरी उतरलेली. शेवटी आईनं पदरानं तोंड पुसत पुसत नेला. पोरगं वाचलं, पण त्यात सरकारचं कर्तृत्व काडीचं नाही.

बॅटरीच पायजे असं कुणी सांगितलं? पायानं दाबायचा पंप असतो, मूठ आवळली की ओढणारा पंप असतो. वीज लागत न्हाई, पिशवीत मावतो. सापाच्या विषावरचं इंजेक्शन दवाखान्यातच द्यायचं, हे आम्हाला मान्य आहे. पण तिथं पोचेपर्यंत माणूस आपल्याच लाळेत, ओकारीत गुदमरतो. त्या वाटेवर डॉक्टर नसतो, आम्ही असतो. (चावल्या जागेचं विष ओढायचा म्हणून बाजारात एक पंप विकतात, तो घेऊ नका. त्यानं विष निघत नाही, वेळ तेवढा जातो.)

साहेब म्हणतात, अडाणी माणसाच्या हातात यंत्र देणं धोक्याचं. धोका आहेच. नळी आंधळेपणानं खोल खुपसली तर इजा होते. मग शिकवा की! आधी कुशीवर वळवायचं, दिसतं तेवढंच ओढायचं, दहा-पंधरा सेकंदांच्या वर नाही. श्वासच थांबला तर नुसतं ओढून भागत नाही, अंबू बॅगेनं श्वास द्यावा लागतो. तेही शिकवा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९५ पासून पाचवी ते दहावी शिकलेल्या गावच्या बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायलासुद्धा. तीन वर्षांत बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ ला 'लॅन्सेट' या विलायती साप्ताहिकात ते छापून आलं. त्या बायका काय परदेशातनं आणल्या होत्या?

आणि दवाखान्याला जागा मागितली की आम्हाला ऐकवतात, जंगलात बांधकाम चालत नाही. २००६ चा वनहक्क कायदा, कलम ३(२) वाचा. ग्रामसभेनं शिफारस केली तर दवाखान्याला, रस्त्याला एक हेक्टरच्या आत वनजमीन देता येते. अट हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटू नयेत एवढीच. दावे अडवताना कायदा तोंडपाठ असतो, हे कलमच तेवढं विसरतात!

तेव्हा येत्या ग्रामसभेत ठराव घ्या: प्रत्येक वाडीच्या आशाताईकडं हाताचा किंवा पायाचा पंप, तिच्याबरोबर दोन माणसं शिकवलेली, आणि उपकेंद्राच्या जागेची शिफारस. बायकांच्या सह्या-अंगठे आधी घ्या, झोळीमागनं रडत पळायची पाळी त्यांच्यावरच येते. शिक्क्याची नक्कल आमच्याकडं पोचवा. सगळ्या वाड्यांचे ठराव गोळा झाले की एकदमच तहसील कचेरीवर जाऊ.