निष्ठा मागण्याआधी लीग द्या

दिवेआगर, बोर्ली पंचतन, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या तरुणांच्या तोंडी सध्या एकच विषय आहे. आर्सेनल या वेळी तरी लीग जिंकणार का? २००३-०४ नंतर या क्लबला विजेतेपद मिळालेले नाही. २०२२-२३ पासून सलग तीन मोसम तो दुसरा आला. त्यामुळे ओहोटीच्या वेळी वाळूवर खेळणारी पोरे असोत की इशानंतर मस्जिदीच्या कट्ट्यावर रेंगाळणारी, गणित सगळ्यांना पाठ आहे. पुढचा सामना बरोबरीत सुटला तर चालेल, असे एक म्हणतो. मँचेस्टर सिटीला तेवढी फट पुरते, असे दुसरा बजावतो. लिव्हरपूलवाला दोघांना हसतो, कारण गेल्या मोसमाचा चषक त्याच्या खात्यात आहे.

या पोरांवर दोन बाजूंनी टीका होते. घरातले वडीलधारे म्हणतात, रात्री सामना बघत बसता आणि फजर चुकते. ही तक्रार रास्त आहे, तिचा निकाल घराघरांत लागावा. दुसरी टीका मात्र वेगळी आहे. विलायती क्लबसाठी जीव टाकता, आपल्या देशातला फुटबॉल बघायला कोणी जात नाही. तुमची निष्ठा कुठे आहे? पुण्यातल्या किंवा डोंबिवलीतल्या एखाद्या मुलाला हेच विचारले तर ती थट्टा असते. आमच्या मुलाला विचारले की त्या थट्टेत चौकशीचा सूर मिसळतो. संघ कोणता, हा प्रश्न मग खेळापुरता राहत नाही.

म्हणून या आरोपाला नीट उत्तर द्यायला हवे. माझे म्हणणे सरळ आहे. चाहत्याची निष्ठा ही एकतर्फी वसुली होऊ शकत नाही. जी लीग स्वतःचा शब्द पाळत नाही, तिने दिवेआगरच्या पोराकडे इमानाचा दाखला मागू नये.

आधी हे तपासू की संधी मिळाली तेव्हा इथल्या लोकांनी आपल्या संघावर जीव लावला की नाही. १५ एप्रिल २०२४ आठवा. इंडियन सुपर लीगच्या साखळीतला मोहन बागान विरुद्ध मुंबई सिटी हा शेवटचा सामना कोलकात्यात होता. मुंबईचे ४७ गुण, मोहन बागानचे ४५. बरोबरी झाली असती तरी लीग शील्ड मुंबईची होती. मोहन बागानने २-१ असा सामना जिंकला आणि एका गुणाने शील्ड नेली. अवघ्या १९ दिवसांनी, ४ मे रोजी, त्याच सॉल्ट लेक मैदानावर अंतिम सामना झाला. मुंबईने आधी गोल खाल्ला, मग ३-१ असा सामना फिरवला. ज्याने हे दोन्ही सामने पाहिले, त्याला विजेतेपदाची शर्यत म्हणजे काय हे इंग्लंडकडून शिकायची गरज नव्हती. रायगडच्या किनाऱ्यावर त्या दिवशी मोबाईल उघडे होते आणि जल्लोष मराठीतच झाला.

मग त्या चाहत्याला पुढे काय मिळाले? फेडरेशनने २०१० मध्ये व्यावसायिक हक्कांचा १५ वर्षांचा करार केला होता. तो डिसेंबर २०२५ मध्ये संपणार, हे पहिल्या दिवसापासून माहीत होते. तरीही नवी व्यवस्था झाली नाही. जुलै २०२५ मध्ये लीग चालवणाऱ्या कंपनीने मोसम स्थगित केला. काही क्लबांनी कामकाज थांबवले, खेळाडूंचे पगार रोखले. ऑक्टोबरमध्ये हक्कांसाठी निविदा निघाली, पण नोव्हेंबरमध्ये मुदत संपेपर्यंत एकही बोली आली नाही. जानेवारी २०२६ मध्ये सुनील छेत्रीसारख्या खेळाडूंना व्हिडिओ काढून जागतिक फुटबॉल संघटनेकडे हात जोडावे लागले. मग १४ फेब्रुवारी २०२६ पासून लीग सुरू होईल असे जाहीर झाले. पण प्रत्येक संघाला फक्त १३ सामने, प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एकदाच गाठ.

या गोंधळात सर्वात बोलकी गोष्ट मुंबई सिटीचीच आहे. मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने २०१९ मध्ये या क्लबचा मोठा हिस्सा घेतला होता. डिसेंबर २०२५ मध्ये तो समूह बाहेर पडला. लीगचे भवितव्य दिसत नाही म्हणून ज्यांच्याकडे अमाप पैसा आहे ते निघून गेले, तर त्याला व्यावसायिक निर्णय म्हणायचे. तेच भवितव्य दिसत नाही म्हणून दिवेआगरचा पोरगा आर्सेनल बघतो, तर त्याला निष्ठाहीन म्हणायचे. हा कुठला न्याय?

महाराष्ट्राचा हिशेब तर आणखी वाईट आहे. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये संघच बंद केला. मुंबई एफसी २०१७ मध्ये संपला. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला होता, तोही पुढच्या दोन-तीन वर्षांत मिटला. भारत एफसी पुण्यात एकच मोसम जगला. डीएसके शिवाजीयन्सने २०१७ मध्ये गाशा गुंडाळला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबने घेतली. २०२५ मध्ये तो हैदराबादचा क्लबही दिल्लीला गेला. पुण्यातला एखादा चाहता या काळात चार वेळा अनाथ झाला. त्याला कोणी विचारले का? जर्सी त्याने घेतली, घोषणा त्याने दिल्या, पण निर्णय कोणत्या तरी कार्यालयात झाला.

आता आशेचा मुद्दा. इंग्लंडच्या लीगमध्ये पहिल्या क्रमांकाइतकीच चुरस तळाला असते, कारण शेवटचे तीन संघ खालच्या श्रेणीत घसरतात. आपल्याकडे २०२३ पासून वर चढण्याची वाट उघडली. पंजाब आला, मग मोहामेडन स्पोर्टिंग, मग क्रीडा लवादापर्यंत भांडून इंटर काशी. खाली जाण्याचा दरवाजा मात्र बंदच राहिला. २०२४-२५ मध्ये मोहामेडन तेरा संघांत तेरावा आला आणि जागेवर राहिला. मोहामेडन आपल्याला प्रिय, म्हणून ही सवलत गोड मानण्याचे कारण नाही. शेवटच्या संघाला भीती नसेल तर त्याच्या शेवटच्या पाच सामन्यांना अर्थ उरत नाही. असे सामने बघायला पोराने रात्र का जागावी?

मोहामेडनचा विषय निघाला तर आपल्या लोकांनाही दोन शब्द. या क्लबने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब. १९४० मध्ये त्याने ड्युरंड चषक आणि मुंबईचा रोव्हर्स चषकही जिंकला. आजही आपल्याकडे कोणी फुटबॉलचा विषय काढला की बुजुर्ग हा इतिहास सांगतात. अभिमान जरूर असावा. पण याच क्लबच्या २०२४-२५ च्या मोसमात पगार थकले आणि प्रशिक्षक सोडून गेला, हेही सांगावे. नाव कितीही आदराचे असो, त्याने पगार होत नाहीत. त्यासाठी हिशेब, सभासद आणि जाब विचारणारे चाहते लागतात.

असे चाहते पाहायचे तर कोल्हापूरला जावे. तिथे शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी तरुण, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस असे संघ खेळतात आणि सामन्याआधी पेठेपेठेत हीच चर्चा रंगते, कोण जिंकणार, कोणाच्या आशा संपल्या. तिथे अधूनमधून हाणामाऱ्याही होतात, ते काही भूषण नाही. पण हे संघ तालमींमधून आणि मंडळांमधून उभे राहिले. ज्या कोल्हापुरी तालमींत गणपती बसतो, त्यातल्या कितीतरी तालमींत मोहरमचे पंजेही बसतात. असा संघ कोणी विकून दुसऱ्या शहरात नेऊ शकत नाही, कारण तो कोणा एकाचा नसतो. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. कोल्हापूरच्या चाहत्याला कोणी निष्ठेचे प्रवचन देत नाही, तशी गरजच पडत नाही.

जगातही मार्ग शोधले गेले आहेत. जर्मनीत १९९८ पासूनचा नियम आहे की, काही अपवाद सोडता, क्लबमधली निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या हाती हवीत. लंडनच्या विम्बल्डन क्लबला २००२ मध्ये मिल्टन कीन्सला हलवायची परवानगी मिळाली, तेव्हा चाहत्यांनी नवा क्लब काढला, नवव्या श्रेणीपासून सुरुवात केली आणि २०११ मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये पोहोचवला. पुण्याच्या चाहत्यासाठी अशी तरतूद कोणत्या नियमावलीत आहे?

काही जण म्हणतील, आपला चाहता हाक मारली तरी येत नाही. हे खोटे आहे. १ जून २०१८ रोजी अंधेरीत भारताने चिनी तैपेईला ५-० हरवले, तेव्हा मैदानात २,५६९ प्रेक्षक होते. छेत्रीने व्हिडिओतून साद घातली, आम्हाला शिव्या द्या पण मैदानात या असे म्हणाला, आणि तीनच दिवसांनी केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटे संपली. लोक येतात, त्यांना बोलवावे लागते. दिवेआगरहून अंधेरी पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. इथे रेल्वे नाही, जवळचे मोठे स्टेशन माणगाव. संध्याकाळी साडेसातचा सामना बघून त्याच रात्री घरी परतणे नोकरदाराला शक्य नाही. म्हणजे या पोराचे मैदान मोबाईलच राहणार. त्या मोबाईलवर इंग्लंडच्या पूर्ण मोसमाचे वेळापत्रक सामने सुरू होण्याच्या कितीतरी आधी येते. आपल्या लीगची सुरुवातीची तारीख यंदा जानेवारीत कळली.

तेव्हा निष्ठा हवी असेल तर व्यवहार चोख करा. पुढच्या मोसमाची तारीख हा मोसम संपण्याआधी जाहीर करा. शेवटच्या संघाला खाली पाठवा. क्लब हलवण्याआधी त्याच्या चाहत्यांना मत द्या. आणि श्रीवर्धन तालुक्यातल्या पंधरा वर्षांच्या मुलाला वर्षभर खेळायला कुठली लीग आहे, याचे उत्तर जिल्ह्यात आणि राज्यात फुटबॉल चालवणाऱ्यांनी द्यावे. वाळूवर खेळणारा पोरगा संध्याकाळी भरती आली की घरी जातो. त्याला रेषा आखलेले मैदान आणि गुणतक्त्यात नाव असलेला संघ मिळाला, तर तो आर्सेनल सोडणार नाही कदाचित, पण रविवारी सकाळी आधी आपला सामना खेळेल.

तोपर्यंत त्याला आर्सेनलसाठी दुआ मागू द्या. बावीस वर्षे वाट पाहणाऱ्या क्लबवर जो माणूस विश्वास ठेवतो, त्याला निष्ठा शिकवण्याची गरज नाही.