'खालसा' आणि 'सामील' : एका शब्दाची गफलत

सातारा-सांगलीच्या परिसरात जुन्या काळाचा विषय निघाला की, 'संस्थाने खालसा झाली' हे वाक्य हमखास कानी पडते. 1848 साली साताऱ्याची गादी गेली, ती 'खालसा'. आणि 1948 साली सांगली, औंध, फलटण ही संस्थाने मुंबई प्रांतात आली, तीही 'खालसा'च! शंभर वर्षांच्या अंतराने घडलेल्या, मुळातूनच भिन्न अशा दोन घटना आपण एकाच दावणीला बांधतो. इंग्रजीत पहिल्या घटनेला 'अ‍ॅनेक्सेशन' म्हणतात. दुसरीचा प्रारंभ झाला तो 'अ‍ॅक्सेशन'ने. उच्चारात अंतर जेमतेम एका अक्षराचे. अर्थात मात्र पारतंत्र्य आणि स्वातंत्र्य यांच्याइतके.

'अ‍ॅनेक्सेशन'मध्ये कर्ता बाहेरचा असतो. ज्याचे राज्य जाते, त्याला कोणी विचारीत नाही. इंग्रजांनी 1819 च्या तहाने छत्रपती प्रतापसिंहांना राज्य दिले आणि 1839 मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला धाडले. गादीवर बसविलेले त्यांचे बंधू शहाजी एप्रिल 1848 मध्ये निवर्तले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. धर्मशास्त्राने आणि शतकांच्या रूढीने मान्य केलेला हा वारसाहक्क मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनाही अमान्य करवेना. परंतु डलहौसीने तो झुगारला आणि राज्य गिळले. पुढे नागपूर आणि झाशी याच वाटेने गेली. रंगो बापूजींनी लंडनमध्ये वर्षानुवर्षे दाद मागितली, ती व्यर्थ ठरली. त्या अन्यायाची धग 1857 मध्ये साताऱ्यात प्रकटली आणि गेंडामाळावर 17 जणांना देहदंड झाला. याला 'खालसा' हाच शब्द योग्य.

'अ‍ॅक्सेशन'मध्ये सही करणारा स्वतः कर्ता असतो. 15 ऑगस्ट 1947 रोजी ब्रिटिशांचे सार्वभौमत्व संपुष्टात येणार, हे निश्चित झाल्यावर सरदार पटेल आणि व्ही. पी. मेनन यांनी संस्थानिकांपुढे सामीलनामा ठेवला. त्याने संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण हे तीन विषय भारताकडे आले. त्यानंतरची पायरी विलीनीकरणाची, म्हणजे 'मर्जर'ची. 8 मार्च 1948 रोजी सांगलीसह दक्षिणेतील अनेक संस्थानांचा कारभार मुंबई प्रांताकडे गेला. यातूनच 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा साकारला. 1960 मध्ये त्याचे नाव सांगली झाले.

सर्वच संस्थानिकांनी हसतमुखाने सह्या केल्या, असे कोणी म्हणणार नाही. प्रजा परिषदांचा रेटा होता, तनख्यांचे आश्वासन होते. हे तनखे 1971 मध्ये रद्द झाले, हेही खरे. तरीही येथे दोन पक्ष होते, करार होता आणि प्रजेची आकांक्षा त्यामागे उभी होती. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी तर 1939 मध्येच राज्यघटना देऊन सत्ता प्रजेच्या हाती सोपविली होती. अशा राजाचे संस्थान 'खालसा झाले' म्हणणे, म्हणजे त्याला डलहौसीच्या बळींच्या रांगेत आणि स्वतंत्र भारताला डलहौसीच्या जागी बसविणे नव्हे काय?

शब्दांची ही गफलत केवळ भाषेपुरती राहत नाही. ऑक्टोबर 2010 मध्ये जम्मू-काश्मीरचे तत्कालीन मुख्यमंत्री ओमर अब्दुल्ला यांनी विधानसभेत सांगितले की, त्यांचे राज्य भारतात सामील झाले, विलीन नव्हे. शब्दभेद खरा, त्यातून सुचविलेला वेगळेपणा मात्र टिकणारा नव्हे. महाराजा हरिसिंहांनी 26 ऑक्टोबर 1947 रोजी स्वाक्षरी केली, ती इतर संस्थानिकांप्रमाणेच सामीलनाम्यावर. म्हैसूरही कोणत्या प्रांतात विलीन झाले नव्हते. म्हणून ते भारताचे अपुरे अंग ठरले काय? सामीलनामा आणि नोव्हेंबर 1949 ची घोषणा यांनंतर जम्मू-काश्मीरकडे सार्वभौमत्वाचा अंशही उरला नाही, असा निर्वाळा डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही दिला. सामीलनाम्याचा नेमका अर्थ ज्याला ठाऊक आहे, तोच अशा युक्तिवादाला उत्तर देऊ शकतो.

सुदैवाने आपल्या मराठीत खालसा, सामील आणि विलीन असे तीन स्वतंत्र शब्द आहेत. शाळांतील स्थानिक इतिहासाच्या पाठांत, संस्थानी वास्तूंवरील फलकांत आणि घरातल्या बोलण्यातही ते जागच्या जागी वापरले जावेत. सातारा खालसा केले गेले. सांगली सामील झाली, मग विलीन झाली. नव्या पिढीला एवढे जरी नीट सांगता आले, तरी दोन्ही इतिहासांना न्याय मिळेल.