छपरावरचा सूर्य आणि हातातले बिल

१३ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधान सूर्यघर योजनेचा प्रारंभ झाला आणि एक कोटी घरांच्या छपरांवर वीज निर्माण करण्याचा संकल्प सुटला. तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठरले. संकल्प स्तुत्य खराच. परंतु 'बॅटरी असूनही आमचे यंत्र ग्रिडचीच वीज ओढते', ही गृहस्थाची तक्रार हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

बॅटरीवाचूनचा संच सूर्यास्तानंतर ग्रिडवर विसंबणारच. त्यात नवल नाही. बॅटरीच्या संचात मात्र दोष बहुधा यंत्रात नसून त्याच्या मांडणीत असतो. इन्व्हर्टरला 'आधी ग्रिड' असा क्रम लावलेला असतो. किंवा बॅटरी कोठवर रिती होऊ द्यावयाची ती मर्यादा इतकी वर ठेवलेली असते की, अर्धी बॅटरी शिल्लक असतानाच बाहेरची वीज सुरू होते. मुख्य तारेवरील, प्रवाह मोजणारी 'सीटी' उलटी बसली तर यंत्रास घेतलेली वीज दिलेली भासते व सारा हिशेब फिरतो. रात्री दिवे जळत असता पडद्यावर वीज बाहेर जाताना दिसली, तर हीच शंका घ्यावी आणि जाणत्या तंत्रज्ञास बोलवावे.

हे सारे गृहस्थाने स्वतः हुडकावे काय? आमच्या मते, संच बसविणाऱ्याने ही मांडणी लेखी द्यावी व घरधन्यासमक्ष पडताळून दाखवावी; त्यावाचून सार्वजनिक साहाय्य मोकळे होऊ नये. छपरे झाकली गेली आणि बिले उतरली नाहीत, तर चांगल्या योजनेवरील लोकांचा विश्वास हकनाक उडेल.