गुडघा आणि आपली घाई

परवा सकाळी नांदेडच्या स्टेडियमवर फिरताना नेहमीच्या कंपूत अविनाश साबळेचा विषय निघाला. एक गृहस्थ म्हणाले, "सर, ते पोरगं संपलं आता. गुडघा गेला म्हणजे काय राहिलं?" दुसरे म्हणाले, "ऑपरेशनला इतके महिने लागतात होय? नाव झालं की अंगात आळस येतो." मी तिथं गप्प बसलो. घरी आल्यावर मात्र चहा गोड लागेना, म्हणून इथं लिहितो.

मंडळी, हा मुलगा आपल्या मराठवाड्याचा, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. गाडीची सोय नव्हती म्हणून शाळेत पळत जाणारा. २०२२ ला बर्मिंगहॅममध्ये रौप्य आणि २०२३ ला हांगझोऊमध्ये सुवर्ण मिळालं, तेव्हा याच कंपूत "आपला अविनाश" म्हणून पेढे वाटले होते. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोला पाण्याच्या अडथळ्यापाशी तो पडला, गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं, मेनिस्कस म्हणतात ती गादीही फाटली. आणि "आपला अविनाश"चं "ते पोरगं" झालं! त्याच्या ३००० मीटरच्या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाणी. आमच्या कंपूत कठडा न धरता जिना उतरणारा एक माणूस दाखवा. (मीही धरतो.)

आता "इतक्या महिन्यांचा" हिशेब. हे लिगामेंट तुटलं की बहुतेक वेळा रुग्णाच्याच मांडीमागचा किंवा वाटीखालचा बंध घेऊन तिथं नवा बसवतात. तो हाडात मुरायला आणि मांडीत पुन्हा ताकद यायला नऊ महिने ते वर्ष जातं. घाई केली तर पुन्हा तुटायची भीती.

ही घाई फक्त आपलीच नाही म्हणा. शिकागोचा डेरिक रोज २०११ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. एप्रिल २०१२ मध्ये डावा गुडघा गेला. मार्च २०१३ मध्ये डॉक्टरांनी परवानगी दिली, तरी तो त्या मोसमात उतरला नाही. झालं, लोकांनी त्याच्यावर झोड उठवली. पुढच्या मोसमात उतरला, तर नोव्हेंबरमध्ये उजवा गुडघा दुखावला. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याच माणसाने एका सामन्यात ५० गुण केले आणि मैदानावरच रडला. साडेसहा वर्षं झाली होती तोवर. झोड उठवणारे तेव्हा टाळ्या वाजवत असणार, आपल्या कंपूसारखेच.

पण मी तरी कुठला मोठा शहाणा! लातूर जिल्ह्यात नोकरीला असताना माझ्या नववीच्या वर्गात खो-खो खेळणारी एक मुलगी होती. खांबाला वळसा घेताना तिच्या गुडघ्यात कट् आवाज झाला. गावात कुणीतरी तेल लावून चोळला. मग तालुक्याला एक्स-रे काढला, हाड शाबूत निघालं. लिगामेंट एक्स-रेत दिसत नाही, त्याला एमआरआय लागतो, हे मला कुठे माहीत? तालुका स्पर्धेला पंच असतात, पाहुणे असतात, हार-शाली असतात. गुडघा समजणारा माणूस नसतो. पंधरा दिवसांनी मी तिला सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "हाड मोडलेलं नाही ना? मग नखरे कशाला?"

ती उतरली. तिसऱ्याच मिनिटाला पाय दगा देऊन गेला. त्यानंतर ती मैदानावर आली नाही, आणि मी विचारलंही नाही. तेव्हा स्टेडियमवरच्या त्या गृहस्थांचा मला राग आला, तो त्यांचाच होता की माझा, देव जाणे.

दोन वर्षांपूर्वी लातूरला गंजगोलाईत ती भेटली. बरोबर कॉलेजातला मुलगा होता. नमस्काराला वाकायला गेली आणि अर्ध्यातच थांबली.

"सर, उभ्यानंच करते," म्हणाली.